पुठ्ठ्याचं बोलतं घड्याळ

साहित्य

जाड पुठ्ठा, कात्री, चिकटपट्टी, बारा बटणं, थोडी वायर, वर्गातला एक कॉम्प्युटर. आणि एक आजोबा.

शेवटची वस्तू वर्ग घेणाऱ्या ताईंनी वाटलेल्या कागदावर नव्हती. ती चिमुरड्या मुंगीनं स्वतःहून आणली. सुट्टीच्या वर्गातली बाकीची पोरं कॉम्प्युटरवर उंदीर-मांजराचे खेळ बनवत होती. हिला मात्र बोलणारं घड्याळ हवं होतं, बटण दाबलं की कॉम्प्युटरमधून आजोबांनी वेळ सांगायची. आजोबा सुतार. त्यांच्या घशात गाठ निघाली होती आणि सोमवारी ऑपरेशन होतं, त्यात स्वरयंत्रच काढणार होते. हे तिनं पुठ्ठा कापता कापता सांगितलं, गृहपाठ राहिलाय असं सांगावं तसं.

कृती

ताईंनी आजोबांना माइकसमोर बसवलं आणि नुसतं एक वाजला, दोन वाजले एवढंच म्हणायला सांगितलं. पण आजोबांना नुसतं बोलणं ठाऊकच नव्हतं. घोगऱ्या आवाजात ते प्रत्येक तासाला एक शेपूट जोडत गेले.

"बारा वाजले. माझे केव्हाच वाजलेत, तू जेवून घे."

मुंगी पोट धरून हसली. ताईंनी हेडफोन लावला होता. त्यांचं अर्धं लक्ष वाक्यांकडे, अर्धं पंख्याच्या घरघरीकडे.

मध्ये ताईंनी मुंगीच्या घरी विचारून पाहिलं होतं, आजोबांचा आवाज आणखी कुठे आहे का म्हणून. फोनमध्ये नुसते फोटो. एका लग्नाच्या व्हिडिओत आजोबा तावातावानं काहीतरी सांगताना दिसत, पण वर बँड वाजत होता.

कृती, पुढे

शेवटच्या दिवशी प्रत्येकानं आपलं काम पेनड्राइव्हवर घ्यायचं. लहान पोरांना फाइली सापडत नाहीत, म्हणून ताईंनी पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या नावाचं एक चित्र स्क्रीनवर आणून ठेवलं होतं. "आपलं चित्र ओढा, पेनड्राइव्हमध्ये टाका, झालं," त्या म्हणाल्या. पोरांनी ओढलं. टाकलं. आई-बाप दारात ताटकळत होते, कुणी उघडून पाहिलं नाही.

चित्र म्हणजे शॉर्टकट. फाइल कुठल्या खोलीत आहे ते सांगणारी पाटी. पोरं पाट्या घेऊन घरी गेली.

आणि खोल्या? वर्ग संपला की त्याच संध्याकाळी सगळे कॉम्प्युटर पुसून कोरे करायचे, पुढच्या मुलांना उष्टं द्यायचं नाही, ही ताईंची दर सुट्टीची शिस्त. कधी चुकली नव्हती. याही वेळी चुकली नाही.

काही चुकलं तर ताईंना विचारा

कागदाच्या तळाशी हे वाक्य छापलेलं असे. उंदीर-मांजरवाल्यांपैकी कुणीही विचारलं नाही. ऑपरेशननंतर नवव्या दिवशी मुंगीच्या आईचा फोन आला. शेजारच्यांच्या कॉम्प्युटरला जोडलं तरी घड्याळ बोलत नाही म्हणाली, तुम्ही जरा बघता का.

पेनड्राइव्ह उघडताक्षणी ताईंना कळलं, आत नुसती पाटी होती. वर्गात जाऊन त्यांनी तो कॉम्प्युटर तीन तास उलटापालटा केला, दुरुस्तीवाल्याकडे नेला. इतकं स्वच्छ कुणी पुसलं, त्यानं कौतुकानं विचारलं.

कृती, उरलेली

त्या मुंगीच्या घरी गेल्या आणि उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. आईनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. मुंगी रागावली नाही. ताईंना तेच सोसेना. तिनं फक्त वही आणली. आजोबांची बाराही वाक्यं ती आठवून उतरवत होती, त्यातली काही अशी.

एक. हात धू, मग बोल.
दोन. माझा डोळा लागलाय, खिळे मोजू नकोस.
पाच. आईला सांगू नको, पण चल खेळायला.
सहा. ठोकणं बंद, शेजारी शिव्या देतील.
सात.
आठ. पुरे झालं, भुसा झटक.

"बाकीची जमली. सातचं मला आठवत नाही, आजोबांनापण नाही," मुंगी म्हणाली. "तुमच्या तर कानातच होतं. सांगा ना, ताई."

आजोबा खाटेवर बसले होते. गळ्याला पांढरी पट्टी, मांडीवर पाटी, पाटीवर काहीच नाही.

ताईंनी आठवून पाहिलं. पंखा आठवला. घरघर आठवली.

"सात वाजले," त्या म्हणाल्या. "दिवा लाव. अंधारात डोळे फोडू नकोस."

मुंगीची पेन्सिल थांबली. "असं म्हणाला होतात, आजोबा?"

आजोबांनी ताईंकडे पाहिलं. सागवान म्हणून विकायला आणलेल्या फळीकडे पाहावं तसं, नीट, कडेपर्यंत. मग त्यांनी मान हलवली. हो.

मुंगीनं लिहून घेतलं. मग वही छातीशी धरून ती त्यांच्यासमोर बसली. "आता सगळी म्हणा. आवाज नको, नुसते ओठ हलवा. मी ओळखते."

आजोबांनी सुरुवात केली. मुंगी एकेक वाक्य ओळखत गेली, टिक करत गेली. सात आलं तेव्हा त्यांच्या ओठांवर ताईंचं वाक्य होतं, एकही शब्द न चुकता. मुंगीनं त्यापुढेही टिक केली आणि ताईंना दाखवली.