आप्पा फोटोला बसत नाहीत

"बोट दाबायला शिकायचं, अन् त्याला बी क्लास," मागच्या बाकावरचे निवृत्त कंडक्टर शेजारच्याच्या कानात पुटपुटले. "एवढं तर नातवानं फुकट शिकवलं असतं राव."

वैजयंतीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिचं सगळं लक्ष समोरच्या पडद्याकडे होतं. पडद्यावर तिचे सासरे, आप्पा, होते. भिंतीएवढे मोठे, आणि आता उठून कुणाच्या तरी कानाखाली वाजवतील असे.

मंचरला एका फोटो स्टुडिओच्या माडीवर दर रविवारी हा वर्ग भरायचा. शिकवणारे दादाभाऊ एरवी लग्नाचे फोटो काढत. रुसलेल्या नवरदेवाला हसवणं त्यांच्या हातचा मळ. पण या चेहऱ्यापुढं तेही जरा थबकले.

"ताई, उजेड झकास पकडलाय," ते म्हणाले. "पण बाबा एवढे चिडलेत कुणावर?"

"माझ्यावर."

वर्ग हसला. तीही हसली. शेहेचाळिसाव्या वर्षी बाकावर बसायचं म्हटल्यावर थोडं हसू वाट्याला येणार, हे धरूनच ती अवसरीहून एसटीत चढत असे.

घरी तिनं सांगितलं होतं, ब्लाउजांचे फोटो काढायला शिकते, गिऱ्हाइकांना डिझाइनं पाठवता येतील. खरं कारण ओसरीतल्या भिंतीवर टांगलेलं होतं.

तिची सासू सरुबाई ध्यानीमनी नसताना गेली, तेव्हा घरात तिचा धड एक फोटो निघाला नाही. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तोंड तेवढं कापून घेतलं, आणि फ्लेक्सवाल्यानं ते कॉम्प्युटरमधल्या कुठल्याशा बाईच्या धडावर बसवलं. जन्मभर मेंढरांमागं रान तुडवलेली सरुबाई आता पैठणी नेसून, गळ्यात मोत्यांचा सर घालून बसली होती. पाव्हणेरावळे येत, हात जोडत. आप्पा मात्र त्या भिंतीकडं पाठ करून जेवत.

दिवाळीपासून आप्पांची छाती धरायला लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी मच्छिंद्रला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, बाहेर बोलावून सांगायचं ते सांगितलं. त्यानं ते टोमॅटोचे क्रेट उतरवता उतरवता तिला सांगितलं. तेवढंच. त्यानंतर तो विषय घरात कुणी काढला नाही. जो तो आप्पांना "बरं वाटतंय नव्हं?" विचारायचा आणि उत्तर यायच्या आत बाहेर पडायचा.

वैजयंतीचा मात्र एकच हट्ट होता. या खेपेला चेहऱ्याखालचं धड तरी ज्याचं त्याचं असावं. पुतण्यानं हौसेनं घेऊन टाकून दिलेला कॅमेरा तिनं झाडूनपुसून हाताशी घेतला. आता फोटो काढायचा, पण कशासाठी ते सांगायचं कसं?

पहिल्यांदा ती म्हणाली, बँकेला लागतोय. पुढच्या वेळी, पेन्शनीला. मग मच्छिंद्रनं मध्येच तोंड घातलं आणि तो रेशनकार्डासाठी झाला. दर वेळी आप्पा एकच विचारत, "कागद कुठाय? आदी कागद दाव." कागद नसायचाच. मग ते डोळे वटारून बघत राहत, आणि नेमकं तेच कॅमेऱ्यात येई.

"त्यांना त्यांच्या कामात असू द्या," दादाभाऊंनी त्या रविवारी सांगितलं. "आपण आहोत हे विसरले की मगच काढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून आई गेलेल्या कोकराला बाटलीनं दूध पाजत होते. ऊन तिरपं होतं. कोकरू शेपटी हलवत ढुशा मारत होतं आणि आप्पा त्याला लाडानं शिव्या घालत होते. वैजयंती पेंढ्यांच्या ढिगाआडून सरकत सरकत पुढं आली. कॅमेरा डोळ्याला लावला. शिकवलं होतं तसा श्वास धरला.

तेवढ्यात मच्छिंद्र घरातून कोरं जाकीट घेऊन आला. "आप्पा, एवढं चढवा अंगात. फोटो ठसठशीत यील."

आप्पांनी बाटली खाली ठेवली.

"मच्छिंदर, रजिस्टर हाफिसात कवा न्यायचंय मला?"

"आं? कशाला?"

"आदी फोटू, मग अंगठा. पलीकडच्या कुशाबाईला बी पोरांनी असंच नवं लुगडं नेसवून नेली. म्हातारी माघारी आली तवा रान तिचं ऱ्हायलं न्हवतं." त्यांना धाप लागली. "मागायचं की रं सरळ. मी न्हाई म्हणलो असतो व्हय? पर बँक काय, रेशनकारड काय... मला काय खुळा समजता?"

"आप्पा, गळ्याशपथ, तसलं काय न्हाई," मच्छिंद्र म्हणाला. त्याच्या हातातलं जाकीट भुईवर लोळायला लागलं होतं.

"मग कसलं हाय?"

मच्छिंद्रनं बायकोकडं बघितलं. तिनं कोकराकडं. म्हातारा हल्ली उशाखाली सातबारा घेऊन निजतो, हे तिनं पाहिलं होतं. म्हातारपणाची खोड म्हणून सोडून दिलं होतं. एक गोष्ट झाकायच्या नादात त्यांनी या माणसाला त्याच्याच घरात चोरांमध्ये आणून बसवलं होतं.

तिनं कॅमेरा छातीवर सोडला आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"आप्पा, जमिनीचं काय न्हाई. फोटो भिंतीवर लावायचाय. तुमी गेल्यावर. डाक्टर म्हणले, आता लई दिवस न्हाईत."

मच्छिंद्रनं डोळे मिटून घेतले. कोकरू आडव्या पडलेल्या बाटलीला लुचत होतं.

आप्पांनी तिच्याकडं बघितलं, मग लेकाकडं, पुन्हा तिच्याकडं. कितीतरी दिवस कानांपर्यंत चढलेले त्यांचे खांदे हळूहळू खाली आले.

"एवढंच व्हय?" ते म्हणाले. "ते ठावं हाय की मला."

आणि पाठ दाराच्या चौकटीला टेकवून ते ऐसपैस बसले.