तळ असलेला फासा

"वेळ थांबली होती तेव्हा मी बाहेर पडलो. ते उलटत नाही."

"माघार म्हणजे माघार शे. बठ्ठं मागे जास. तूबी येशी."

पहिला बोलला तो अखिल, दुसरा ललित. दोघांच्या मधे, पालथ्या परातीवर, मी. मित्रांनो, मी एक जुना पितळी फासा आहे, वीस बाजूंचा. जुना म्हणजे तीन वर्षांचा, पण दर रविवारी आपटलं की तीन वर्षं पुष्कळ होतात.

माझा जन्म सोनगीरचा. ललितचे आजोबा मोतीलाल नाना तिथे हंडे-घागरी घडवतात. शाळा सोडल्यापासून ललित त्यांच्याजवळ ठोके घालायला बसतो. अखिलच्या वडिलांचं, सुभाषचंद शेठचं, भांड्यांचं दुकान, म्हणून अखिलचं येणं-जाणं. दोघांनी मिळून एक खेळ लिहिला होता वहीत. किल्ला, राक्षस, मंत्र. आपापला वीर चालवायचा, आणि जिवावर बेतलं की फासा टाकायचा. बारा किंवा वर पडलं तर वाचला. अखिलची बहीण रुची राक्षस चालवायची आणि निवाडा द्यायची.

असा फासा दुकानात मिळेना, म्हणून ललितने पत्र्याचे वीस त्रिकोण कापले आणि नानांनी ते जोडले. वीसच्या आकड्याखाली त्यांनी आतून जास्तीचा डाक, म्हणजे सांधे जोडायचा वितळलेला धातू, भरला.

"नाना, हाई भांडं नही," ललित म्हणाला.

"बिगर तळनं काही ऱ्हास का? लोळत जाई ते."

झालं. मला तळ आला. वीस खाली बसायचा आणि वर सारखा एक यायचा. एक पडला की पोरं म्हणायची, नानांनी हात घातला, आणि मला परत टाकायची. रुचीने धुळ्याहून प्लास्टिकचा चांगला फासा आणला, तो त्यांनी डबीतून काढलाही नाही. एवढं कौतुक माझं कोणी केलं नव्हतं.

मग अखिलचं सुरतेला काकांकडे जायचं ठरलं, कायमचं. शेवटच्या रविवारी दोघांनी वहीत लिहिलं: आज दोन्ही वीर किल्ल्याबाहेर पडणार. मेला त्याचं नाव लाल पेनने खोडायचं. ललितचा वीर रानबा तीन वर्षं जिवंत होता.

राक्षस अंगावर आला आणि अखिलने 'थांबा' मंत्र टाकला. त्यात वेळ थांबते, सगळे दगडासारखे उभे, आणि मंत्र टाकणाऱ्याला एकट्याला तीन डाव मिळतात. थांबलेल्याला ओढून न्यायचं तर त्यातला एक डाव जातो. अखिलला बाहेर पडायला दोन डाव लागत होते. उरलेल्या तिसऱ्यात त्याने किल्ल्यातला मुकुट उचलला.

वेळ सुरू झाली आणि राक्षसाने रानबाला धरलं. ललितने 'माघार' टाकला. त्याने शेवटचा डाव उलटतो, जो तो आधीच्या जागी जातो. म्हणून हे भांडण. अखिलपण आत परत येणार की नाही?

रुचीने वही दोनदा वाचली. "थांबामधले डाव मोजलेच जात नाहीत," ती म्हणाली. "जे मोजलं नाही ते मागे कसं नेणार? रानबा परत येतो. अखिल बाहेरच."

म्हणजे रानबा परत उभा राहिला, त्याच राक्षसासमोर, एकटा. रुचीने प्लास्टिकच्या फाशाची डबी पुढे केली. ललितने मलाच उचललं. मी जीव खाऊन लोळलो, मित्रांनो. एक पडला.

कोणी हसलं नाही.

"परत टाक," अखिल म्हणाला. "चालेल मला."

"माले नही टाकनं. तिसरा डाव होता ना तुले? मना हात धरता. तू मुकुट उचला."

"खेळ होता रे."

ललितने मला मोडीच्या, म्हणजे वितळवायच्या फुटक्या भांड्यांच्या, टोपलीत भिरकावलं.

मंगळवारी अखिल आला, चांगले कपडे घालून. गाडी रस्त्यावर उभी होती. "फासा देतोस का? तिकडे नेतो."

"हारपी गया," ललित म्हणाला. मी टोपलीत अगदी वर होतो, ऊन पडलं होतं माझ्यावर. अखिलने पाहिलं असणार. तो नानांच्या पाया पडला आणि गेला.

त्याला आठ दिवस झाले. फुटके तांबे, मोडक्या समया रोज वरून पडतात. ललित चार हातांच्या अंतरावर ठोके घालत बसतो, इकडे बघत नाही. रुची बरोबर होती. नियमही बरोबर होता, त्यांनीच लिहिलेला. मला राग त्याचा नाही. मला राग माझ्या पोटातल्या डाकाचा येतो, आणि नानांवर रागावता येत नाही.

मित्रांनो, स्वतः घडवलेली वस्तू रागात फेकू नका. फेकलीच तर त्याच दिवशी उचला. आठ दिवसांनी हात पुढे होत नाही, मी रोज बघतोय. आणि हातात एक डाव शिल्लक असेल तर आधी बाजूला कोण उभं आहे ते बघा.

भट्टी पेटली आहे. नानांनी हाक मारली, ललितने टोपली उचलली. मला आता जायला हवं.