वरच्या खोलीतला माणूस

...मागे नेणाऱ्या बटणावरचा बाण साफ पुसून गेलेला, आणि शेजारचं पुढे नेणारं बटण मात्र दुकानातून आणलं तसं कोरं — अंगठ्याखालचा हा छोटा काळा रिमोट गेली तीन वर्षं हॉलिस टर्नबोला एकेका खेळीच्या सहा सेकंदांत पुन्हा पुन्हा मागे नेत होता. भिंतीवर शनिवारच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याची फिल्म. बावीस हेल्मेटं वाकून उभी, चेंडू हलला की सगळ्यांची झोंबाझोंबी, मग मागे — सगळे उलटे पळत आपापल्या जागी, पुन्हा वाकून उभे. एकदा कोपऱ्यातल्या पोराचे पाय बघायचे, एकदा मधल्याचे खांदे, एकदा समोरच्या क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याची, मान. आपली अकरा पोरं, म्हणून निदान अकरा वेळा. आज अठ्ठावीस वेळा बघून झालं होतं आणि एकदाही काही दिसलं नव्हतं.

कारण दोन वाजता प्रेन्टिस गॅडीचा फोन येणार होता. गॅडी मॅकेल्रॉय स्टेट कॉलेजचा क्रीडाप्रमुख, तिकडे कॅन्ससमध्ये. त्यांनी दहा दिवसांपूर्वी आपल्या मुख्य कोचला घरी बसवलं होतं. ‘तुम्हीच हवे आहात आम्हाला,’ तो काल म्हणाला होता, ‘पण उद्या दोनपर्यंत हो किंवा नाही. नाही म्हणालात तर तीनला मी दुसऱ्याला फोन करणार, वाईट वाटून घेऊ नका.’ वाईट कसलं... चोपन्नाव्या वर्षी, एकदा हाकललेल्या माणसाला, कोण पुन्हा विचारतं? यानंतर कोणी विचारणार नाही, हे त्याला स्वच्छ कळत होतं.

सकाळी त्याची बायको जोलीन मऊ पावांवर सॉसेजचा रस्सा वाढताना म्हणाली होती, “खोकी आणू का रे? चिकटपट्टी संपलीय.”

“अजून काही ठरलं नाही.”

“अठ्ठावीस वर्षांत अकरा घरं. ठरायच्या आधीच खोकी आणलेली बरी असतात.” मग पातेलं बाजूला ठेवून, “तुला हवंय का, एवढंच सांग. देणगीदारांच्या जेवणांना मी येईन, गाल दुखेपर्यंत हसेन. पण तू पुन्हा गॅरेजमध्ये गाडीत बसून कागदावर गोल आणि फुल्या काढायला लागलास ना, तर बाहेरून कडी घालीन.”

तो हसला होता. किल्ल्या उचलून निघाला होता.

हवंय. हवंयच मला. इथे हार्लन व्हॅली कॉलेजात तो बचावाचा कोऑर्डिनेटर होता — समोरच्यांकडे चेंडू असला की आपल्या अकरा जणांनी कुठे उभं राहायचं, कोणावर झेपावायचं, हे ठरवणारा. सामन्याच्या दिवशी तो मैदानावर नसेच. स्टेडियमच्या अगदी वर, काचेमागच्या खोलीत, कानाला हेडसेट, हातात पेन्सिल. तिथून मैदान त्याने काढलेल्या चित्रासारखंच दिसे, आवाज फार येत नसे, आणि कोणाशी हात मिळवावा लागत नसे. बाहेरच्या जगाला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. सामना जिंकला की कॅमेरे खाली कीगन स्ट्राउडकडे धावत, तो सदतीस वर्षांचा मुख्य कोच, ज्याला साधी मांडणी धड काढता येत नसे... आणि हा लिफ्टने खाली येईपर्यंत गर्दी पांगलेली असे. त्याचं हॉलिसला काही वाटत नसे. म्हणजे, वाटत नाही असं तो म्हणे.

पण बाबा.

आर्कान्सामधल्या त्या चिमुकल्या गावात बाबा एकतीस वर्षं शाळेच्या संघाचे कोच होते, आणि गावात त्यांना दुसरं नावच नव्हतं. चर्चमध्ये ‘कोच’, न्हाव्याकडे ‘कोच’, बँकेत खिडकीपलीकडची बाईसुद्धा ‘काय कोच, शुक्रवारचं काय?’ लहानपणी हॉलिसला वाटे, मोठं झालं की प्रत्येक माणसाला असं गावभर हाक मारतात. आता बाबा शुश्रूषागृहात आहेत, शहाऐंशीचे, आणि आठवणी एकेक करून निसटताहेत. परवा रविवारी फोन लावला तर आधी तिथली नर्स बोलली — “तुम्हीच का ते? मुख्य कोच? तुमचे वडील रोज सांगतात हो सगळ्यांना!” ‘नाही’ म्हणायला कितीसा वेळ लागतो... “हो,” तो म्हणाला, “मीच.” आज दोन वाजता तेच ‘हो’ गॅडीला म्हटलं की ते खरं होणार होतं. बाबांना कळण्याइतपत काही उरलंय तोवर खरं होणार होतं.

आणि एकदा ते खरं होतंही की! दोन वर्षं, कॅल्डर स्टेट कॉलेजात. केवढं ऑफिस — दोन खिडक्या, चामड्याचा सोफा, भिंतीवर स्वतःचाच फोटो, ज्याच्याकडे पाठ करून बसावं लागे. पहिल्याच देणगीदारांच्या जेवणात शेजारच्या लाकूड-व्यापाऱ्याने सहज विचारलं, “यंदा बचाव कसा काय आपला?” — आणि हॉलिसने त्याच्याच नॅपकिनवर सगळं काढून दाखवलं, पाऊण तास, पुढ्यातलं गोड तसंच राहिलं. व्यापारी नॅपकिन घडी करून निघून गेला, आणि पुढे त्याचा चेकही कधी आला नाही. तरी ते चाललं असतं. चाललं नाही ते त्या शेवटच्या सामन्यात.

हेडसेटच्या कंबरेला लावलेल्या डबीवर एक खटका असतो. इकडे केला की बचावाच्या कोचांचं बोलणं ऐकू येतं, तिकडे केला की चढाईवाल्यांचं. मुख्य कोचने दोन्ही ऐकायचं असतं. त्याचा संघ दोन गुणांनी मागे, चेंडू त्यांच्याकडे, तीन गुण देणाऱ्या किकच्या टप्प्यात. घड्याळ चालू, एकतीस सेकंद उरलेले, ते थांबवायला दोन टाइमआउट हातात. टाइमआउट मागायचा, किक मारायची, जिंकायचं — गावातल्या शाळकरी पोरालाही कळेल. आणि हॉलिसचा खटका बचावाकडे. किक बसल्यावर, आघाडी घेतल्यावर, उरलेल्या सेकंदांत समोरचे कसे येतील, मग मधल्याला मागे घ्यावं की कोपऱ्यातल्याला... तो बोलत होता, भराभर, फार सुंदर सुचत होतं त्याला. दुसऱ्या चॅनलवर चढाईचा कोऑर्डिनेटर बक लॅनियर घसा फोडून ओरडत होता, “टाइमआउट! हॉलिस! अरे देवा, टाइमआउट!” क्वार्टरबॅक मैदानाच्या काठाकडे बघत होता, थेट त्याच्याकडे, हात अर्धवट वर करून... त्या पोराची नजर त्याला दिसली, पण त्या नजरेत प्रश्न आहे हे दिसलं नाही. कोणीतरी बाही ओढली तेव्हा घड्याळात शून्य होतं. न झालेल्या किकनंतरच्या, न मिळालेल्या आघाडीच्या बचावाची मांडणी मात्र पूर्ण झाली होती.

त्या दिवशी बाबा स्टँडमध्ये होते. सगळे गेल्यावर पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभे. हॉलिसला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, “काय लावणार होतास रे, शेवटी?” त्याने सांगितलं. हाताने हवेत दाखवत सगळं सांगितलं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. “बरोबर होतं,” ते म्हणाले, आणि गाडीत बसले. नऊ दिवसांनी कॅल्डरने त्याला हाकललं. पण रडू आलं होतं ते त्या ‘बरोबर होतं’ला, आणि ते कशाचं रडू होतं हे आजही त्याला नक्की सांगता येत नव्हतं.

सकाळी अकरा वाजता बचावाच्या मधल्या फळीची पोरं खोलीत आली, टेकली, पाय पसरले. डेव्हियन मॅकअडू, त्यातला सगळ्यात तिखट, आज गप्प होता. भिंतीवर पुढच्या शनिवारचा विरोधी संघ. हॉलिस बटण दाबत होता, मागे, मागे... आणि एकदम दिसलं. कोपऱ्यातला तो धिप्पाड गडी. डावा हात जमिनीला टेकवला की पळतो. उजवा टेकवला की थांबून अडवतो. पुन्हा मागे. डावा — पळाला. उजवा — थांबला. सात खेळ्या, सातही वेळा. अंगावर काटा आला त्याच्या; सकाळपासूनचं ते ओझं, तो गॅडी, ते दोन वाजणं, सगळं कुठल्या कुठे गेलं.

“बघा रे, बघा त्याचा हात!”

पोरं पुढे सरकली. मग आरडाओरडा. “कोच, हा माणूस आपल्याला पत्र लिहून कळवतोय!”

“हे तुम्हाला दिसतं तरी कसं हो?” मागून कोणीतरी.

“बाकी काही दिसत नाही म्हणून,” हॉलिस म्हणाला, आणि खोली खदखदून हसली. तोही हसला. इतका खूश तो कित्येक दिवसांत झाला नव्हता.

जेवणानंतर कीगन दारात उभा राहिला. तो वरिष्ठ, पण ‘तुम्ही’ म्हणे. हॉलिस त्याला ‘तू’ म्हणे, आणि दोघांनाही तेच बरं वाटे.

“डेव्हियनशी बोललात?”

“तासभर. काय सापडलंय माहितेय, त्या गड्याचा हात —”

“आईबद्दल काही म्हणाला?”

“कोणाच्या आईबद्दल?”

कीगन आत येऊन टेबलाला टेकला. “शुक्रवारी ऑपरेशन आहे तिचं. आतड्यात गाठ. काल रात्री माझ्या स्वयंपाकघरात बसून रडत होता पोरगा. मी त्याला उद्या घरी पाठवतोय, शनिवारी खेळणार नाही तो.”

गेल्या शनिवारच्या सामन्यात डेव्हियन अर्धं पाऊल उशिरा निघत होता. हॉलिसने ते टिपलं होतं, वहीत लिहिलंही होतं: ‘अर्धं पाऊल. वजन टाचेवर.’ त्याच्यासाठी सरावही ठरवला होता... का उशीर होतोय, हे मनात आलंच नव्हतं. लाज वाटली त्याला, कानापर्यंत.

“गॅडीने मला विचारलं,” कीगन म्हणाला. “मी सांगितलं, याच्यासारखा माणूस दुसरा नाही. खोटं नाही बोललो.” मग डोकं खाजवत हसला, “तुम्ही गेलात की पुढच्या वर्षी हे लोक मला हाकलणार, तेव्हा तिकडे माझ्यासाठी एखादी खुर्ची ठेवा. बचावाची नको पण. मला काही कळत नाही त्यातलं.”

“ते दिसतंच रे.”

“जा हो तुम्ही!” म्हणत तो गेला. कॉरिडॉरमधून त्याचा आवाज येत राहिला — सफाईवाल्या बाईला तिच्या नातवाचं विचारत होता, नावानिशी. तेवढं तर शिकता येईल, हॉलिसला वाटलं. नावं पाठ करता येतील, वहीत पोरांच्या आयांची यादी करता येईल... आणि अशी यादी करावी लागणार, याचंच त्याला मनापासून वाईट वाटलं.

फोन दोनला पाच कमी असतानाच वाजला.

“काय मुख्य कोच, काय ठरलं?” गॅडीचा गडगडाटी आवाज. तो शब्द कानात शिरला आणि काळीज असं काही उचंबळलं की त्याला टेबल धरावं लागलं. केवढा गोड शब्द! लोकांनी आयुष्यभर आपल्याला याच शब्दाने हाक मारावी... हो म्हण. म्हण ना. तोंडात आलेलंच आहे.

“एक विचारतो,” तो म्हणाला. “तिकडे बचाव कोण बघणार?”

“तुम्ही म्हणाल तो! देशातला सगळ्यात चांगला आणा. पैसे आम्ही देऊ. त्याला वर बसवा, आणि विसरून जा. तुम्हाला आता तिकडे बघायला वेळ कुठला मिळायला!”

तो माणूस. कोण असेल? सोमवारी सकाळी अंधाऱ्या खोलीत बसेल तो, एकटा, आणि एखाद्या पोराचा हात चुकीच्या वेळी जमिनीला टेकलेला त्याला दिसेल, सात वेळा, आणि त्याच्या अंगावर काटा येईल. ते सांगायला तो धावत खाली येईल, मोठ्या ऑफिसात, चामड्याच्या सोफ्याशेजारी उभा राहील, आणि मी त्याला म्हणेन, शाबास, नंतर बघू, बाहेर माणसं थांबलीयत. अजून नेमलाही नव्हता तो, त्याला नाव नव्हतं, चेहरा नव्हता. आणि हॉलिसला त्याचा असा हेवा वाटला, इतका कडकडून, की आयुष्यात कुठल्याही मुख्य कोचचा कधी वाटला नव्हता.

“कोच?” गॅडी म्हणाला. “आहात ना?”

“तीनला त्या दुसऱ्याला फोन करा,” हॉलिस म्हणाला, आणि बाण पुसलेल्या बटणावर अंगठा ठेवला.