अंदाजे वय पंचावन्न

शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत दर शुक्रवारी एवढी गर्दी व्हायची, की चपलांची रांग जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत यायची. आत तळवाले बाबा बसत. समोर काळ्या कापडाने झाकलेला संगणक आणि डोळे मिटलेले. "तुम्ही इंटरनेटवर शोधता तो नुसता वरचा फेस," ते सांगत. "आम्ही सातव्या थरात उतरतो." सातवा थर कसला, खाली शिंप्याची दोन मशिनं होती, पण बोलायची सोय नव्हती.

माझा दादा कामावरून निघाला तो घरी पोचलाच नाही. पोलिसांत तक्रार दिली. मी वाचनालयात ग्रंथपाल, शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम. दादाचं नाव, आडनाव, कारखाना, सगळं उलटसुलट टाकून पाहिलं. काही हाती लागलं नाही. मग आईने बाबांचा जिना धरला आणि मी मुकाट्याने मागून गेले.

बाबा आठवड्याला एकच गोष्ट सांगत. आधी म्हणाले, जिवंत आहे. मग, पांढऱ्या खोलीत आहे, बोलता येत नाही. तिसऱ्या शुक्रवारी, डाव्या कोपरावर भाजल्याचा जुना डाग. आईला हुंदका आवरेना. तो डाग लहानपणी इस्त्रीने पडलेला, घरच्यांखेरीज कोणाला ठाऊक नव्हता. माझाही विश्वास बसू लागला.

चौथ्या शुक्रवारी बाबा म्हणाले, "अंदाजे वय पंचावन्न."

दादा सेहेचाळीसचा, केस तेवढे लवकर पिकलेले. आई म्हणाली, चुकला असेल थोडा आकडा. मला मात्र 'अंदाजे' खटकलं. माणूस डोळ्यांपुढे दिसतोय तर हा शब्द कशाला? तो नोंदवहीतला शब्द आहे, मी रोज लिहिते.

दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयाची साइट उघडली. आत 'अनोळखी रुग्ण' असं पान होतं. त्यातले रकाने भरल्याशिवाय यादी दिसत नाही, म्हणून नेहमीच्या शोधात ती येतच नाही. शिवाय आम्ही नावाने शोधत होतो. बेशुद्ध आणलेल्या माणसाचं नाव कोण लिहिणार? मी तारीख आणि खुणा भरल्या. एकच नोंद आली. बाबांचेच शब्द, त्याच क्रमाने. रुग्णालय घरापासून बसने वीस मिनिटांवर.

वॉर्डातल्या सिस्टर फोनवर म्हणाल्या, "ते परवा गुरुवारीच वारले. अर्धांगाने वाचा गेली होती. दार वाजलं की मान वळवायचे."

पुढच्या शुक्रवारी आईला घेऊन मी त्या खोलीत गेले आणि नोंद मोठ्याने वाचली. बाबा डगमगले नाहीत. आमचा शब्द न् शब्द खरा निघाला म्हणाले, आणि निम्म्या लोकांनी हात जोडले. मी कापड ओढलं. पडद्यावर तेच पान होतं, दुसऱ्या कोणाच्या तरी खुणा भरलेलं. त्या खुणा जिन्यात शिंपी काढून घेत असे, हे तेव्हा उमगलं. शिंप्याने कपड्यांचा रंग विचारला तर कोणाला काय वावगं वाटणार? आईनेही त्याला सगळं सांगितलं होतं.

आई बाबांना एवढंच म्हणाली, "तुम्हाला वॉर्ड माहीत होता. सांगितला असतात तर मी त्याच्यापाशी बसले असते."

ज्यांचं माणूस हरवलंय त्यांना हात जोडून सांगते, डोळे मिटून सांगणाऱ्यांकडे जाऊ नका. रुग्णालयांच्या याद्या उघडा, नाव सोडून खुणा भरा, वय थोडं मागेपुढे करून पाहा. जमत नसेल तर वाचनालयात या, मी शेजारी बसून शोधून देईन. फक्त उद्यावर टाकू नका. आमच्या हातात अख्खा महिना होता.