खिचडीवालीची नात

बुधवारी साहेब वाचन तपासायला येणार, म्हणून मंगळवारी सकाळीच पुंजाराम सरांनी तनुजाला शाळेच्या फाटकात अडवलं. उद्या पोरीला पाठवू नको म्हणाले. तनुजा कापूस वेचायला निघालेली, कमरेला ओटी बांधलेली. तिनं कामून म्हणून विचारलं. सर म्हणाले, ही साहेबासमोर कानावर हात ठेवून डुलत बसंल, शाळेचं नाव जाईल.

"सर, ती वाचती," तनुजा म्हणाली. "तुमी कधी तिला वाचू दिलं नाय." आन् पोरीला आत सोडून ती शेताकडं चालती झाली.

मी चुलीपाशी तांदूळ निवडत व्हते. बारा वर्सं झाली मी ह्या शाळेत खिचडी शिजवते. मला स्वतःला एक अक्षर येत नाय, पण कोण वाचतंय आन् कोण नुसतं बडबडतंय, एवढं ऐकून कळायला लागलंय.

श्रेया तनुजाची एकुलती एक, तिसरीत. कोणाच्या तोंडाकडं बघत नाय. तिला काय विचारलं तर विचारलेलंच परत म्हणती. वर्गात पोरं एका सुरात धडा म्हणायला लागली की कान दाबून भिताडाला जाऊन चिकटती. आमचं गाव देवगाव रंगारीच्या पलीकडं, दीडशे घरांचं, पण अक्कल दीड हजार घरांची. कोणी म्हणालं बाहेरचं झालंय, कोणी म्हणालं करणी करून मुकी केलीय. मीबी त्यातच व्हते, खोटं कशाला सांगू. तू पोटुशी असताना गिराण पाळलं नसशील, असं तनुजाला मीच तोंडावर म्हणाले व्हते. ती पोरीला घेऊन शहरात गेली, औरंगपुऱ्यात डॉक्टरला दाखवलं. त्यानं ऑटिझम म्हणून सांगितलं. पोरीचं डोकं चांगलं हाय, फक्त तिची शिकायची रीत येगळी हाय म्हणाला. तिनं तो कागद आणून सरांना दाखवला. सरांनी वाचला आन् म्हणाले, "म्हंजी येडीच ना. विंग्रजीत लिवलं एवढंच."

असले सर. डी.एड. झालेले.

जूनमध्ये लासूर स्टेशनहून मेघाबाई बदलून आल्या, स्कूटीवर यायच्या. पहिले पंधरा दिवस त्यांनी श्रेयाला काहीच शिकवलं नाय, नुसतं बघितलं. मंग तिची बसायची जागा बदलली. वर्गातल्या गलक्यातून काढून माझ्या चुलीच्या खोलीजवळ, खिडकीखाली आणली, कारण तिथं आवाज कमी. भिताडावर तिच्यासाठी चित्रांची पट्टी लावली: आधी गाणं, मंग वाचन, मंग खिचडी, मंग घर. काय झालं की काय व्हणार, हे दिसायला लागल्यावर पोरीचं रडणं निम्म्यावर आलं.

तक्त्यावर अ अननसाचा. आमच्या गावात अननस कोणी बघितलाय? श्रेयाला येड विहिरीवरच्या मोटारीचं. आई बटन दाबती आन् पाईपातून पाणी येतं, ते ती तासभर बघत बसायची. मेघाबाईनं तेच धरलं. मोटार, पाईप, पाणी, चालू, बंद, असे फोटो काढले आन् खाली मोठ्या अक्षरात नाव लिवलं. मंग फोटो काढून घेतले आन् नुसती अक्षरं ठेवली. दिवाळीपर्यंत पोरगी अक्षरावरून फोटो शोधायला लागली. मंग बाईंनी सर, बाई, दे, घे असे शब्दबी जोडले आन् चार पानांचं पुस्तक शिवलं. आई मोटार चालू करते. पाणी येते. कोण चालू करतं म्हणून विचारलं की श्रेया तोंडानं नाय सांगायची, 'आई' ह्या शब्दावर बोट ठेवायची. एक दिवस बाईंनी गुपचूप 'आई'च्या जागी 'बाबा' लिवलं. पोरगी थांबली, बराच येळ बघितलं, आन् बोट 'बाबा'वर ठेवलं. म्हंजी पाठ नव्हतं, वाचलं व्हतं. बाईंचे डोळे भरून आले. सर मागून म्हणाले, हिला काय मोटारीच्या दुकानावर बसवायचंय का.

बुधवारी साहेब आले. सरांनी तीन पोरं आधीच तयार केलेली. पहिला शिवम उठला, पुस्तक उघडलं आन् घडाघडा सुरू झाला. साहेबानं मध्येच पान पलटलं. पानावर आगगाडी, आन् शिवम आपला चिमणीचाच धडा म्हणतोय, न थांबता. दुसरं पोरगं तसंच. साहेबाच्या कपाळाला आठ्या पडल्या. तो बाहेर आला तर खिडकीखाली श्रेया मोटार-पाण्याच्या शब्दांचे पत्ते मांडून बसलेली.

ही कोण, त्यानं विचारलं.

"ही शाळेतली नाय, साहेब," सर म्हणाले. "आमच्या खिचडीवालीची नात हाय. आजीसंग येऊन बसती." आन् माझ्याकडं बघितलं.

त्या बघण्याचा अर्थ मला कळला. माझं काम त्यांच्या सहीवर चालतं. नवरा गेल्यापासून ह्या चुलीवरच माझी चूल पेटती. साहेबानं मला विचारलं, खरं का. मेघाबाई दारात उभ्या, त्याबी माझ्याकडंच बघत्यात. मी हातातला झारा पातेल्यात ठेवला.

"नाय साहेब," मी म्हणाले. "तनुजाची पोरगी हाय, तिसरीतली. रोज येती."

सरांचं तोंड उतरलं. साहेब खाली वाकला, पोरीच्या पार तोंडाजवळ गेला आन् म्हणाला, वाच बाळा, मोठ्यानं वाच. झालं. श्रेयानं कान दाबले, डुलायला लागली, "वाच बाळा, वाच बाळा" म्हणायला लागली. सरांच्या जिवात जीव आला. बघा साहेब, म्हणाले.

मेघाबाई पुढं आल्या. साहेबाला दोन पावलं मागं घेतलं. "तोंडी विचारू नका, साहेब. लिहून द्या. तिनं कधी बघितलं नाही असं वाक्य लिहा."

साहेबानं पाटीवर काहीतरी लिवलं आन् पोरीसमोर ठेवली. ती डुलतच व्हती. हळूहळू कमी झालं. हात कानावरून खाली आले. बोट पाटीवर सरकायला लागलं, थांबलं, परत मागं गेलं. साहेबानं घड्याळ बघितलं. मेघाबाईंनी पदराचं टोक मुठीत आवळून धरलेलं.

श्रेया उठली. माझ्या माठातून पेला भरला, काठोकाठ, आन् चालायला लागली. साहेबानं हात पुढं केला. ती त्याला टाळून गेली आन् पुंजाराम सरांपुढं जाऊन उभी राहिली. पाणी त्यांच्या बुटावर सांडायला लागलं.

मेघाबाईंनी पाटी मोठ्यानं वाचून दाखवली: सरांना पाणी दे.

"घ्या सर," साहेब म्हणाला. "पोरगी ओळखते तुम्हाला."

सरांनी पेला घेतला. सगळ्यांसमोर सगळा पिला.

साहेबासंग आलेल्या शिपायानं श्रेयाचा पेला देतानाचा फोटो काढला व्हता. दुसऱ्या दिवशी तोच फोटो सरांनी मोबाईलवर गावभर पाठवला, आमच्या शाळेचा नवा उपक्रम म्हणून. मेघाबाईंचं नाव कुठं नाय. माझं काम गेलं नाय, कारण साहेबानं माझं नाव विचारून लिवून घेतलं व्हतं.

सोमवारी सर खिडकीपाशी आले. "श्रेया बेटा," म्हणाले. तिनं मान वर केली नाय. दुसऱ्यांदा म्हणाले, तरी नाय. सर मला म्हणाले, लई माज आला का हिला. तीन वर्सं पोरगी ह्यांच्या शाळेत, ती कोणाच्याच तोंडाकडं बघत नाय हे ह्यांना अजून ठाऊक नाय. मेघाबाईंनी सहा पानांचं नवं पुस्तक दिलं व्हतं. श्रेयानं ते उघडलं आन् बोट पहिल्या अक्षराखाली ठेवलं. सर उभेच.

मी त्यांना जरा बाजूला व्हायला सांगितलं. पानावर त्यांची सावली पडत व्हती.