घरे अकरा, माणसे त्रेपन्न

“सर, पाटलाच्या बैलांचा रंगबी लिहिलाय, मंग आमच्या माणसांची नावं का न्हाईत?”

“हिंमत असंल तर विचार!” असं वर्गातल्या मोनालीनं डिवचलं होतं. दहावीतल्या ज्योत्स्नानं विचारलं. तिचं बोट ज्या पानावर होतं, ते पान माझं.

मित्रांनो, मी एक जुनी खानेसुमारीची वही आहे. निजामाच्या राज्यात औरंगाबाद सुभ्याची माणसं मोजली गेली, तेव्हा जाफराबादजवळच्या या गावात मी आले. माझा कागद कागजीपुऱ्याचा, जाड अन् गुळगुळीत! पटवारी मला चावडीवर घेऊन बसला. पाटील, सुतार, तेली, एकेक घर नावानिशी उतरलं. बैलांच्या शिंगांची वळणंसुद्धा उतरली! गावकुसाबाहेरच्या वस्तीत मात्र तो गेलाच नाही. तिथल्या एकाला चावडीच्या पायरीखाली उभं करून आकडा विचारला अन् खरडलं, ‘घरे अकरा, माणसे त्रेपन्न.’ झालं! मला आजही संताप येतो, तोही माझ्याच पानाचा.

सुभा गेला, निजाम गेला, जालना वेगळा जिल्हा झाला. कपाटात मला वाळवी लागली. तिनं बैलांची शिंगं खाल्ली, पण ती ओळ वाळवीलाही नको झाली.

आता शाळेच्या भिंतीवर ‘गावाची जुनी घराणी’ रंगवायचीत. अक्षर सुंदर म्हणून ब्रश ज्योत्स्नाकडे. माझी मोडी वाचणारे सर म्हणाले, “वहीत आहे तेवढंच लिहायचं, पोरी. पुरावा लागतो.”

“मंग पुरावाच चुकलाय, सर!”

सरांना विचारून तिनं मला वस्तीतल्या ऐंशी पार केलेल्या गोजरबाईकडे नेलं. म्हातारी फसकन हसली. “त्रेपन्न? बिलकुल खोटं! आई सांगायची, मोजणीच्या दिवशी सकाळीच मी झाल्ते. मला कोनी मोजलं?”

मग बोटांवर मोजत तिनं आईकडून ऐकलेलं एकेक घर सांगितलं. रखमाजी, त्याची झुंबरबाई, त्यांची लेकरं... ज्योत्स्ना लिहीत गेली. गोजरबाईसकट एक्केचाळीस नावं निघाली.

मित्रांनो, मला वाळवीपासून जपा. पण माझ्यावर डोळे झाकून भरवसा ठेवू नका. मी तेवढंच सांगते, जेवढं त्या चावडीवरून दिसलं.

घरी भारतरावांनी लेकीला समजावलं, “सरांशी वाकडं नको घेऊ, बाई. दहावीचं वरीस हाये.” आई, बेबीनंदा, नावांच्या कागदावरून हात फिरवत राहिली.

ज्योत्स्नानं मला मिटलं.

“पप्पा, आई, ऐका. माणसं चौपन्न व्हती. राह्यलेली तेरा नावं सापडल्याबिगर मी ब्रश धरणार न्हाई. अन् धरला की पहिलं नाव गोजरबाईचं!”