अकरा बिल्ले आणि निळा डबा

बाळांनो, जरा डोळे मिटा. डांबरी रस्ता आहे. दोन्ही बाजूंना पळसाची झाडं. तुम्ही मोटरसायकलवर मागे बसला आहात. रस्ता उतरत जातो आणि उतरता उतरता सरळ पाण्यात शिरतो. म्हैस तळ्यात शिरावी तसा, न थांबता, न वळता. समोर नुसतं पाणी. पाण्यात विजेच्या जुन्या खांबांची एक रांग, खांबांवर पाणकावळे. पार पलीकडे एक टेकडी, आणि तोच रस्ता तिथं पाण्यातून वर येऊन टेकडीवर चढलेला.

हे काही समुद्रातलं बेट नाही. नागपूरजवळच्या कुहीच्या पुढे वैनगंगेचं पाणी धरणानं अडवलं, गावं उठली, सखल होतं ते बुडालं, उंच होतं तेवढं उरलं. दिसलं? मग आता घट्ट धरून बसा. या गोष्टीत रक्त आहे, आणि ते वगळलं तर शेवट कळायचा नाही.

मागे बसलेल्या मुलीचं नाव सोनिका. वय वर्षं अकरा, घर नागपूरला, बेसा भागात. दिवाळीच्या सुट्टीत ती चारुशीला मावशीकडे आली होती. मावशी जनावरांची डॉक्टर. टेकडीटेकडीवरच्या गुरांना लस टोचत फिरायची. थोडी मोटरसायकल, मग नाव, पुन्हा मोटरसायकल, पुन्हा नाव. सोनिकाचं काम एकच होतं. लसीचा निळा डबा पोटाशी धरून बसायचं.

"डबा सोडायचा नाही," मावशीनं बजावलं होतं. "मी पडले तरी डबा पडता कामा नये."

बोरटेकडीहून मोहटेकडीला गोपिकाबाईंची नाव जायची. नाव म्हणजे लाकूड कोरून केलेले दोन डोंगे शेजारी शेजारी बांधून वर फळ्या ठोकलेल्या, मागे डिझेलचं इंजिन. गोपिकाबाई साठीच्या, अंगानं काटक, जिभेनं त्याहून.

"चाबी दे वं डॉक्टरीण," त्यांनी हात पुढे केला. नावेवर चढलेल्या प्रत्येक गाडीची चाबी त्यांच्या गळ्यातल्या दोरीत जायची आणि चाकं जमिनीला लागल्यावरच परत मिळायची.

"काहून?" सोनिकानं विचारलं. 'का?'साठीचा हा इथला शब्द तिला फार आवडला होता.

"एकानं नाव लागायच्या आधीच गाडी सुरू केली होती, बाई. तो गेला, संग त्याची बायको गेली. तवापासून चाबी माह्याजवळ." मग त्यांनी खांबांच्या रांगेकडे बोट केलं. "हे पाहून ठेव. खांबांच्या उगवतीले रस्ता आहे, पाण्याखाली. काठाजवळ पाणी गुडघाभर. मावळतीले नाला. दोन बांबू खोल."

"आणि कोणी पडलं तर?"

"पडलं तर आधी वर काढाचं. कोणाचा कोण, ते मंग विचाराचं. पाण्यावरचा कायदा आहे हा."

मोहटेकडीवर आता कोणी राहत नाही. पण बोरटेकडीचे लोक आपली गुरं तिथं चरायला सोडतात, आणि त्या पंधरवड्यात अकरा बैल दिसेनासे झाले होते. मावशीला ते जुन्या शाळेत सापडले. खोलीत दाटीवाटीनं उभे होते, आणि प्रत्येकाचा डावा कान अर्धा कापलेला. रक्त सुकून मानेवर काळं झालेलं, जखमांवर माशा. एक पांढरा बैल भिंतीला डोकं घासत होता आणि घासलं तिथं भिंत लाल झाली होती.

सोनिका दाराशीच थांबली. 

"कान का कापले, मावशी?"

"कानात पिवळा बिल्ला असतो ना, नंबरचा? कोणता बैल कोणाचा, ते त्या नंबरावरून कळतं. बिल्ला गेला की बैल चोराचा."

बिल्ले पाण्यात फेकले तर तरंगत बोरटेकडीला लागतील, हे चोराला ठाऊक असावं. शाळेमागे दगडांखाली ते पुरलेले सापडले. अकरा बिल्ले, प्रत्येकाला कानाचा तुकडा चिकटलेला. मावशीनं लसीच्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि तुकडे डब्यात बर्फावर ठेवले.

"तुकडा कानाशी जुळला की बैल कोणाचा ते ठरेल. अकरा घरांची शेती आहे यात," ती म्हणाली. "सोनू, डबा..."

"सोडायचा नाही."

तेवढ्यात चढावर मोटरसायकलचा आवाज आला. गाडी रुपराव चालवत होता. मोहटेकडीच्या पायथ्याशी बुडालेल्या गावचाच तो माणूस. धरणानंतर कुहीला गेला आणि गुरांचा व्यापारी झाला. मागे त्याचा जोडीदार विक्की. दोघं टेकडीच्या पलीकडच्या काठाला दुसऱ्या नावेनं उतरले असावेत.

"काय डॉक्टरीणबाई," उकरलेल्या दगडांकडे आणि डब्याकडे पाहून रुपराव गोड आवाजात म्हणाला, "माह्या बैलाईले सुई टोचून राहिल्या का?"

मावशीनं पिशवी खांद्याला अडकवली. सोनिकाला मागे बसवलं आणि गाडी उताराला सोडली.

तीन किलोमीटरचा तो रस्ता सोनिका जन्मात विसरली नाही. रुपरावची गाडी शेजारी आली आणि विक्कीनं मावशीच्या गाडीवर लाथ घातली. गाडी डगमगली, सावरली. मग विक्कीनं सायकलची साखळी काढून गरगर फिरवायला सुरुवात केली. पहिला फटका मावशीच्या पाठीवर बसला, कुडता फाटला. दुसरा सोनिकाच्या हेल्मेटवर. टण्ण! कानात घंटा वाजल्यासारखं झालं, हेल्मेटला खोच पडली. तिनं डबा आणखी आवळला.

"बाई, नाव सोडा!" मावशी काठावरूनच ओरडली.

गोपिकाबाईंनी गाठ सोडण्यात वेळ घालवला नाही. दोर विळ्यानं कापला, गाडी फळ्यांवर येताच नाव ढकलली. पण रुपरावनं पाण्यातून गाडी उडवली आणि तोही फळ्यांवर येऊन आदळला. दोन्ही डोंगे करकरले.

सवयीनं गोपिकाबाईंचा हात पुढे गेला. "चाबी."

रुपराव हसला. "चाबी? बुढे, नाव फिरव."

"पाण्यावर भांडण नाही गा. पलीकडं उतर, मंग काय ते कर."

"फिरव म्हणतो ना!"

गोपिकाबाईंनी इंजिन बंद केलं, ते सुरू करायचं लोखंडी हँडल उपसून काढलं आणि पाण्यात टाकून दिलं. "घे. आता तूच फिरव."

रुपरावनं गाडीच्या डिक्कीतला पाना काढून त्यांच्या कपाळावर हाणला. त्या बसल्या जागी कोसळल्या. नाव ढकलायचा हातातला बांबू पाण्यात गेला. कपाळातून रक्ताची धार लागली आणि गळ्यातली चाब्यांची दोरी लाल झाली.

आता नाव कोणाचीच नव्हती. ती वाऱ्यावर वाहू लागली.

विक्की साखळी फिरवत पुढे आला. मावशीनं पिशवीतून बैलांना खच्ची करायचा हातभर लांब लोखंडी चिमटा काढला.

"ये," ती म्हणाली. "हा कशाचा आहे, ठाऊक आहे ना?"

विक्कीला ठाऊक होतं. तो क्षणभर थबकला, आणि त्या क्षणात चिमटा त्याच्या गुडघ्यावर बसला. तो किंचाळत आडवा झाला. पण रुपरावनं मागून मावशीचा हात धरला आणि पिरगाळला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.  मावशीचं तोंड पांढरं पडलं आणि ती गाडीच्या चाकाशी खाली सरकली.

राहिली सोनिका.

"दे तो डबा, पोरी."

"नाही."

त्यानं थोबाडीत मारली. ओठ फुटला, तोंडात रक्ताची खारट चव आली. त्यानं डब्याचा पट्टा धरून ओढला, तसे सोनिकानं त्याच्या मनगटात दात रुतवले आणि सोडलेच नाहीत.

"अबे कुत्री!" त्यानं तिला इंजिनावर आपटलं. तरी डबा तिच्याकडेच.

तेव्हा बोरटेकडीच्या काठावरून आरोळी उठली. लस टोचायला गुरं घेऊन जमलेल्या लोकांनी नावेवरची मारामारी पाहिली होती. तीन डोंगे पाण्यात उतरले. पहिल्यात पांढऱ्या मिशांचे बापूजी होते. पांढरा बैल त्यांचाच. प्रत्येक डोंग्यात चार-चार माणसं, प्रत्येकाच्या हातात काठी. "बैलांचे कान कापले यानं!" सोनिका त्यांच्याकडे पाहून ओरडली.

रुपरावच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. हे लोक बोलायला येत नाहीत, हे त्यानं ओळखलं. डब्याचा पट्टा सोडून तो आपल्या गाडीकडे धावला. मोहटेकडीचा काठ दूर नव्हता. हाकेच्या अंतरावर, माणसं नव्हती त्या बाजूला, जुना रस्ता पाण्यातून वर येताना दिसत होता. त्यानं किक मारली.

गोपिकाबाईंनी रक्तानं चिकटलेला डोळा उघडला. "थांब गा रुपराव! खांब पाह्य! वाहून आलो आपण, मावळतीले आलो! खाली नाला आहे!"

"मले शिकवते का?" तो ओरडला. "याच रस्त्यानं शाळेत गेलो मी! माह्या गावचा रस्ता आहे हा!"

गाडी फळ्यांवरून उडाली. तिच्याखाली गुडघाभर पाणी असेल आणि त्याखाली डांबर, अशी त्याची खात्री होती. गाडी पाण्याला टेकली आणि दगडासारखी खाली गेली. दिवासुद्धा दिसेनासा झाला.

बऱ्याच वेळानं रुपराव एकटा वर आला. तोंड उघडं, हात पाण्यावर आपटत. त्याच्या लहानपणी गावाला एक विहीर आणि हा नाला, एवढंच पाणी होतं. वैनगंगा गावात शिरली तेव्हा तो बाप्या माणूस झाला होता. पोहायला शिकायचं राहूनच गेलं होतं.

"वाचवा... ओ... वाचवा!"

तिन्ही डोंगे जवळ आले, आणि थांबले. बापूजींनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं.

"बापूजी, काढा त्याला!" सोनिका ओरडली.

"कान कापला त्यानं माह्या बैलाचा," बापूजी म्हणाले.  "डॉक्टरीणबाईचा हात मोडला, बाईचं डोस्कं फोडलं. बुडू दे."

"बुडू दे!" मागच्या डोंग्यातून आवाज आला.

विक्की गुडघा धरून रडत होता. "मले पोहता नाही येत गा, मले नाही येत," एवढंच तो म्हणत होता. दोर मोहटेकडीच्या काठावर कापून राहिलेला. बांबू वाहून गेलेला. रुपराव पाण्याखाली गेला, पुन्हा वर आला. आता त्याच्या तोंडून शब्द निघत नव्हता, नुसते बुडबुडे.

नावेवर तरंगणारी एकच वस्तू होती, घट्ट झाकणाचा निळा डबा.

बाळांनो, इथं क्षणभर थांबा आणि सोनिकाच्या जागी उभे राहा. ओठ फुटलेला आहे. ज्यानं फोडला तोच समोर बुडतो आहे. मावशी म्हणते डबा सोडू नकोस, त्यात अकरा घरांचे बैल आहेत. गोपिकाबाई म्हणतात आधी वर काढाचं. मोठी माणसं वल्ही आडवी ठेवून बसली आहेत. आणि विचार करायला एका श्वासाइतका वेळ आहे.

सोनिकानं डोक्यावरचं खोच पडलेलं हेल्मेट काढून फळीवर उलटं ठेवलं. डब्याचं झाकण उघडलं, सगळा ऐवज हेल्मेटमध्ये उपडा केला. बर्फ, रक्ताचं पाणी, कानांचे तुकडे, पिवळे बिल्ले. एक बिल्ला फळीवरून घरंगळला, तो तिनं पायाखाली दाबून धरला. झाकण पुन्हा घट्ट बसवलं. मग रिकामा डबा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून रुपरावच्या हातांकडे फेकला. डबा त्याच्या पुढ्यात आपटला, त्यानं तो पोटाशी धरला, आणि बापूजींनी मांडीवरचं वल्हं उचलून पाण्यात घातलं.